उंबऱ्यावर नखे, माडीवर डाग : कुत्र्या-मांजरांपासून घरातले लाकूड कसे वाचवाल?

करमाळा : लाकडी फरशी म्हटली की ती पुण्या-मुंबईची चैन, असे अनेकांना वाटते. करमाळ्यातल्या बहुतेक घरांत शहाबादी, कोटा किंवा टाइल्सच असतात. पण जुन्या पेठेतल्या एखाद्या वाड्यात जाऊन पाहा. खाली फरशी असली, तरी माडीवर पायाखाली लाकूडच असते. जिना, खांब, चौकटी आणि उंबरेही लाकडाचेच. दुसरीकडे, याच घरांतली नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुले जे फ्लॅट घेतात, त्यांच्या बेडरूममध्ये हल्ली लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची जमीन असते.

दोन्ही घरांत कुत्रे किंवा मांजर आले की तक्रारीही सारख्याच येतात. दारावर ओरखडे पडतात, कोपऱ्यात काळा डाग दिसतो आणि कितीही पुसले तरी पावसाळ्यात वास उठतो.

हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. जुन्या माडीची एक फळी बदलायची म्हटली, तरी तेवढ्या रुंदीचे आणि जाडीचे मुरलेले सागवान शोधावे लागते. त्यात डाग काढण्यासाठी घरात हाताशी असलेले फिनाईल किंवा अ‍ॅसिड वापरले, तर लाकूड खराब होतेच, शिवाय मांजराच्या जिवावर बेतू शकते. वैतागून कुत्र्याला हायवेला किंवा दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन सोडण्याचे प्रकारही होतात. यातले बरेचसे वेळीच लक्ष दिले तर टाळता येते. ते कसे, याची ही माहिती.

आधी ओळखा, तुमचे लाकूड कोणते?

उपाय लाकडाच्या प्रकारावर ठरतो. त्यामुळे पायाखाली नेमके काय आहे, हे आधी पाहावे.

• भरीव लाकूड : वाड्यातली तक्तपोशी, जिन्याच्या पायऱ्या, उंबरे, चौकटी. सागवान, कडुनिंब, बाभूळ अशी लाकडे यात येतात. हे लाकूड घासून पुन्हा पॉलिश करता येते आणि तेही अनेक वेळा.

• इंजिनिअर्ड वूड : खाली प्लायसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. पापुद्रा जाड असेल तर एखाद-दोन वेळा घासता येते. पातळ असेल तर घासताना खालचा प्लाय उघडा पडतो.

• लॅमिनेट : दाबलेल्या लाकडी भुश्याचा पाट, त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि वर पारदर्शक टणक थर. हे अजिबात घासता येत नाही. चित्रच निघून जाते.

• व्हिनाइल पट्ट्या आणि वूडन टाइल्स : यांत लाकूड नसते. पाण्याने फुगत नाहीत. मात्र टाइल्स गुळगुळीत असतील तर कुत्र्याचे पाय घसरतात.

ओरखडे का पडतात?

सागवान टिकाऊ असते, त्याला वाळवी सहजी लागत नाही. पण टिकाऊ म्हणजे टणक नव्हे. टणकपणात बाभूळ सागवानाच्या पुढे आहे. धावता कुत्रा वळतो किंवा थांबतो तेव्हा अंगाचा सगळा भार नखांच्या टोकांवर येतो आणि सागवानावरही रेघ उठते. पुष्कळदा ही रेघ लाकडावर नसून फक्त पॉलिशच्या थरावर असते. बोटाचे नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही, तर ओरखडा वरवरचा आहे.

वस्तीवरच्या कुत्र्याची नखे मुरमाड रस्त्यावर आणि ढेकळांत फिरून आपोआप झिजतात. घरात किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याची झिजत नाहीत. कारवानीसारखा शेतात धावण्यासाठी ओळखला जाणारा कुत्रा दिवसभर खोलीत कोंडला, तर त्याची रग दारावर आणि जमिनीवर निघणार, हे उघड आहे.

मांजराचे कारण वेगळे. नखांवरचे जुने आवरण काढून टाकण्यासाठी, अंग ताणण्यासाठी आणि पंजातला वास ठेवून आपली हद्द दाखवण्यासाठी मांजर खरवडते. तो खोडसाळपणा नाही. त्यामुळे मारून ही सवय जात नाही. तिला दुसरी जागा द्यावी लागते.

फक्त दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या खाली किंवा उंबऱ्याजवळ ओरखडे असतील, तर कुत्रा एकटेपणाने घाबरत असण्याची शक्यता मोठी. घरातले सगळे शेतावर किंवा कामावर गेल्यावर, विजा कडाडताना, दिवाळीच्या फटाक्यांत असे ओरखडे वाढतात.

डाग काळाच का होतो?

आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो. माडीवरच्या डागाचे कारणही साधारण तेच आहे. आवळ्यात असते तसे टॅनिन नावाचे द्रव्य लाकडातही असते. ओल आणि लोखंड एकत्र आले की टॅनिनचा निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. म्हणूनच खिळ्याभोवतीचा डाग सर्वांत गडद दिसतो.

मूत्रात आणखी एक गोष्ट घडते. ताजे असताना ते बहुधा किंचित आम्लधर्मी असते. पडून राहिले की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. हा अमोनिया पॉलिश सैल करतो आणि लाकूड गडद करतो. डाग जितका जुना, तितका तो खोल जातो.

वास पुन्हा का येतो, याचे उत्तरही इथेच आहे. मूत्रातले युरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत. ते लाकडाच्या छिद्रांत बसून राहतात. हवा कोरडी असते तोवर वास जाणवत नाही. दमट हवेत हे क्षार ओल धरतात आणि वास परत येतो. करमाळा तालुका पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यात लाकूड आकसते, फळ्यांमध्ये फटी पडतात आणि मूत्र थेट त्या फटींत उतरते. पहिल्या पावसानंतर 'अचानक' वास येतो तो यामुळे.

वाड्याच्या माडीचा आणखी एक पेच आहे. कडीपाटाच्या माडीवर काही ठिकाणी तक्तपोशीवर मातीचा थर असतो, काही ठिकाणी नुसत्या फळ्या असतात. नुसत्या फळ्या असतील तर मूत्र खाली ठिबकते आणि लक्षात तरी येते. मातीचा थर असेल तर ते मातीत मुरते. मग वरून कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. तेवढ्या भागातली माती काढून, खालचे लाकूड वाळवून नवी माती भरावी लागते.

पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?

१. सुती फडके किंवा जुना टॉवेल ठेवून दाबा. घासू नका. घासल्याने ओल पसरते आणि फटीत जाते.

२. फडके कोरडे निघेपर्यंत बदलत राहा.

३. दुसरे फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि एकदा पुसा. बादलीने पाणी ओतू नका. फरशीची सवय लाकडाला चालत नाही.

४. पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे एन्झाइमचे द्रावण असेल तर ते लावा. ते लगेच पुसू नका. बाटलीवर लिहिलेला वेळ जागा ओलसर राहू द्या. त्यातली विकरे तेवढ्या वेळात युरिक आम्ल फोडतात.

५. शेवटी कोरडे पुसा आणि पंखा लावा. कडक उन्हात टाकू नका. ओले लाकूड एकदम वाळले तर तडकते.

साफसफाई करताना रबरी हातमोजे घालावेत. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार प्राण्यांच्या मूत्रातून माणसाला होऊ शकतो, विशेषतः हातावर जखम असेल तर. मांजराची विष्ठा गर्भवती महिलांनी उचलू नये. त्यातून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होण्याचा धोका असतो.

जुना डाग, जुना वास

वास येतो पण जागा सापडत नाही, अशी अडचण नेहमीची. बाजारात नोटा तपासायला वापरतात तो छोटा अतिनील दिवा रात्री, खोलीतले दिवे बंद करून फिरवावा. वाळलेल्या मूत्राची जागा फिकट पिवळसर चमकते. तिथे खडूने खूण करावी.

त्यानंतरचा क्रम असा :

• वास असेल, डाग नसेल : एन्झाइमचे द्रावण दोन-तीन वेळा, दर वेळी पूर्ण वाळू देऊन.

• फिकट डाग : औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने फक्त डागावर लावावे. ते लाकडाचा रंगही उडवते. म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे.

• काळा डाग, भरीव लाकूड : आधी त्या जागेचे पॉलिश काढावे लागते. नंतर ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लावतात. लोखंड आणि टॅनिनचा काळा रंग ते काढून टाकते. मग पाण्याने पुसून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल शमवून, पुन्हा पुसून लाकूड दोन-तीन दिवस वाळवायचे आणि नव्याने पॉलिश करायचे. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि मास्क लागतोच. मुले आणि प्राणी त्या खोलीत नकोत. सवय नसेल तर हे काम पॉलिशवाल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

• लाकूड मऊ पडले असेल : टोच्या किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जात असेल तर डाग काढण्यात अर्थ नाही. ती फळी कुजली आहे. माडीची फळी असेल तर हा सुरक्षेचा प्रश्न आहे. खालची कडीही सुताराकडून तपासून घ्यावी.

• लॅमिनेट फुगले असेल : फुगलेला भुश्याचा पाट पूर्ववत होत नाही. तेवढी पट्टी बदलणे हाच उपाय. म्हणून जमीन बसवताना त्याच मापाच्या आणि त्याच रंगाच्या चार-पाच पट्ट्या जादा घेऊन ठेवाव्यात. काही वर्षांनी तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

ओरखड्यांची दुरुस्ती

वरवरच्या ओरखड्यांना फर्निचरचे मेण किंवा त्याच रंगाचे टच-अप पॉलिश पुरते. जरा खोल ओरखड्यात लाकडाच्या रंगाची लांबी किंवा मेणकांडी भरतात. सुतार अनेकदा त्याच लाकडाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरतात. भरणी पक्की होते, पण तिच्यावर पॉलिश तितके चढत नाही आणि जागा वेगळी दिसते. उंबऱ्याच्या कडेला हे चालून जाते, दाराच्या मधोमध डोळ्यात भरते.

ओरखडे खूप असतील तर पूर्ण भाग घासावा लागतो. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० आणि शेवटी २२० नंबर. घासणे नेहमी रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर पॉलिशनंतर प्रत्येक रेघ उठून दिसते.

कोणते पॉलिश घ्यावे, हाही प्रश्न येतो. चपड्याचे जुने लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण ओलीने पांढरे पडते आणि अमोनियाने सुटते. ज्या घरात प्राणी आहेत, तिथे जमिनीसाठी आणि उंबऱ्यासाठी पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा थर अधिक तग धरतो. चकचकीतपेक्षा मॅट फिनिश घ्यावे. त्यावर रेघा कमी दिसतात. काम झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत प्राण्यांना तिथे फिरकू देऊ नये.

एक सावधगिरी जुन्या दारांना अळशीचे तेल लावणाऱ्यांसाठी. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेटू शकतो. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात तर ही काळजी हवीच. बोळे बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हे वापरू नका

• फिनाईल : यातली फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. पंजाला लागलेले फिनाईल मांजर चाटते आणि विषबाधा होते.

• डांबरगोळ्या : मांजर जवळ येऊ नये म्हणून कपाटामागे टाकलेल्या नॅफ्थलीनच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. लहान मुलांनाही.

• ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच : मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन श्वासाला घातक वायू तयार होतो. बंद खोलीत तर मुळीच नको.

• टॉयलेट क्लीनरचे अ‍ॅसिड : लाकूड जाळते, खिळे गंजवते. ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

• अमोनिया असलेले काच साफ करायचे द्रावण : त्याचा वास प्राण्याला मूत्रासारखा वाटू शकतो. तो पुन्हा त्याच जागी येतो.

• वाफेचा मॉप : वाफ फटींत शिरते, लॅमिनेट फुगते.

पुन्हा होऊ नये म्हणून

• नखे : दर दोन ते चार आठवड्यांनी टोके कापा. नखाच्या आत गुलाबी रक्तवाहिनी असते, तिच्या अलीकडेच थांबा. काळ्या नखांत ती दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून शिकून घ्या.

• मांजराला खांब : लाकडाच्या ओंडक्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळा किंवा गोणपाट बांधा. मांजर पुढचे पाय ताणून उभी राहील एवढी उंची हवी आणि ओंडका हलता कामा नये. जिथे ती आता खरवडते, त्याच चौकटीशेजारी तो ठेवा. काही आठवड्यांनी हळूहळू सरकवा.

• मांजराला वाळू : रुंद पाटीत बारीक वाळू किंवा लाकडाचा भुसा. रोज साफ. पाटी घाण असली की मांजर कोरडा कोपरा शोधते.

• कुत्र्याला वेळ : उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी. बाहेर केल्यावर लगेच शाबासकी. घरात केल्यावर नाक घासणे किंवा मारणे यातून ते फक्त लपून करायला शिकते.

• सतरंजी आणि चटई : दाराजवळ, वळणावर, पाण्याच्या भांड्याखाली. खाली रबरी जाळी असावी, म्हणजे सरकत नाही.

• दाराला कवच : उंबऱ्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत जाड पारदर्शक पत्रा स्क्रूने बसवला की जुनी चौकट वाचते. नक्षीदार दारांना चिकट टेप लावू नये. काढताना पॉलिश निघते.

• नसबंदी : नर मांजर भिंतीवर, चौकटीवर उडवते तो वास सर्वांत उग्र. वयात येण्याच्या सुमारास नसबंदी केली तर बहुतेक मांजरांत ही सवय लागत नाही किंवा बरीच कमी होते.

सवय की आजार?

घरात कधी न करणारा प्राणी अचानक करू लागला, तर आधी सुताराला नव्हे, पशुवैद्यकाला गाठावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, म्हातारपण यांत प्राण्याला लघवी धरून ठेवता येत नाही. पाणी जास्त पिणे, वजन उतरणे, लघवीत रक्त ही लक्षणे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

नर मांजर पुन्हा पुन्हा बसते, ओरडते, पण थेंबही येत नाही, अशी वेळ आली तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

भाड्याचे घर आणि कायदा

भाड्याने राहणाऱ्यांना अनामत रकमेची धास्ती असते. घरात शिरतानाच दारे, चौकटी आणि जमिनीचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा. प्राणी पाळणार असाल तर ते भाडेकरारात लिहून घ्या. नुकसान झाल्यास कोणती दुरुस्ती कोण करणार, हेही लिहा. झीज आणि नुकसान यातला वाद मग कागदावर सुटतो.

घराचे नुकसान झाले म्हणून प्राण्याला सोडून देणे मात्र कायद्याने गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणे ही क्रूरता ठरते. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे त्याचा धाक वाटत नाही. पण विष घालणे, ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरोखरच सांभाळणे शक्य नसेल, तर ओळखीत, शेतावर राहणाऱ्या कुटुंबात किंवा प्राणिमित्रांच्या मदतीने दुसरे घर शोधणे हाच मार्ग आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ओल दिसताच दाबून टिपा, घासू नका.
• भरीव लाकूड घासता येते, लॅमिनेट नाही.
• काळा डाग निघतो, कुजलेली फळी सुधारत नाही.
• फिनाईल, डांबरगोळ्या आणि ब्लीच प्राण्यांच्या घरात नकोत.
• नखे, वाळू आणि फिरवण्याची वेळ सांभाळली तर निम्मे ओरखडे पडतच नाहीत.
• अचानक बदललेली सवय म्हणजे दवाखान्याची वेळ.

सारवलेल्या जमिनीच्या घरात हा प्रश्न सोपा होता. जागा उकरली, पुन्हा सारवली, काम झाले. लाकडाला तशी सोय नाही. ते जे पिते ते धरून ठेवते. म्हणून पावसाळ्याआधी एकदा माडी, जिना आणि चौकटी नीट तपासाव्यात, फटी भरून घ्याव्यात आणि उंबऱ्याला पॉलिशचा एक हात द्यावा. एका दिवसाच्या या कामाने लाकूडही टिकेल आणि घरातल्या चार पायांच्या सोबत्यावर राग काढायची वेळही येणार नाही.